जैवसंख्याशास्त्र आणि क्लिनिकल रिसर्च : या प्रशिक्षणात नेमके काय शिकायचे असते?

एखादे नवे औषध उपयोगी आहे की नाही हे ठरवायला दोन प्रकारचे ज्ञान लागते, आणि ते दोन्ही एकाच पदवीत सहसा मिळत नाही. वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण किंवा परिचर्या यांपैकी एखाद्या शाखेचे पदवीधर आजार, औषध आणि रुग्ण यांना चांगले ओळखतात. परंतु काही शे रुग्णांची माहिती एकत्र मांडल्यावर तिच्यातून कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, याचा त्यांना सराव नसतो. संख्याशास्त्राच्या पदवीधरांचे नेमके उलट असते. सूत्रे आणि त्यांच्या सिद्धता त्यांना येतात, पण समोरच्या तक्त्यातील ‘१४०’ हा रक्तदाबाचा आकडा कोणी, कोणत्या वेळी, रुग्णाला किती वेळ बसवून घेतल्यानंतर मोजला, हे विचारण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. जैवसंख्याशास्त्र (आरोग्यविषयक माहितीचे संख्याशास्त्र) आणि क्लिनिकल रिसर्च (माणसांवर होणारे वैद्यकीय संशोधन) यांचे प्रशिक्षण या दोघांसाठी आहे, आणि दोघांनी त्यातून घ्यायच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

अशा अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत सॅस, आर, पायथन ही नावे बहुधा सर्वांत ठळक असतात. ही सॉफ्टवेअरे शिकावी लागतात यात शंका नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्यांच्यावर प्रश्न येतात हेही खरे. तरीही माझ्या मते या विषयाचा गाभा संगणकात एकही आकडा भरला जाण्याआधीच्या विचारात आहे: प्रश्न कोणता, त्याचे उत्तर कशाने मोजायचे, आणि ते उत्तर कोणत्या कारणांनी फसवे निघू शकते. आखणीतच चूक राहिली असेल, तर शेवटी केलेले कितीही कुशल विश्लेषण ती भरून काढू शकत नाही.

आखणी म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनचा उपयोग तपासला आणि तिची संख्याशास्त्रीय बाजू ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सांभाळली. औषधाचा साठा तुटपुंजा होता, सर्वांना ते देणे शक्यच नव्हते. त्यामुळे काही रुग्णांना औषधासह आणि काहींना केवळ पूर्ण विश्रांतीचा उपचार देणे नैतिकदृष्ट्याही योग्य ठरले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवले नाही. यादृच्छिक अंकांच्या आधारे तयार केलेली यादी बंद पाकिटांत ठेवलेली होती, आणि रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्के झाल्यावरच त्याचे पाकीट उघडले जाई. एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही तो कोणत्या गटातील रुग्णाचा आहे हे माहीत नव्हते. सहा महिन्यांच्या अखेरीस औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले होते.

पाकिटे बंद का ठेवायची, हा प्रश्न वर्गात पहिल्याच आठवड्यात यायला हवा. डॉक्टरांवर अविश्वास म्हणून ती बंद ठेवत नाहीत. पुढचा रुग्ण औषधाच्या गटात जाणार हे आधी कळले, तर ‘हा फारच अशक्त आहे, याला पुढच्या वेळी घेऊ’ असा विचार उत्तम हेतूनेही मनात येतो, आणि दोन गट सुरुवातीपासूनच असमान होतात. यादृच्छिक वाटपाने, म्हणजेच रँडमायझेशनने, वय, आजाराची तीव्रता, पोषण यांसारखी ज्ञात कारणे तर सरासरीने सारखी वाटली जातातच. पण ज्यांची आपल्याला कल्पनाही नाही अशी कारणेही वाटली जातात. वैद्यकाच्या पदवीधरांना ही दुसरी बाब पटायला थोडा वेळ लागतो, कारण रुग्णाकडे पाहून निर्णय घेणे हाच त्यांच्या शिक्षणाचा पाया असतो.

याच आकड्यांवर अनुमानाचा पहिला धडाही घेता येतो. मृत्यूचे प्रमाण एका गटात सुमारे ७ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे २७ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ २० टक्क्यांचा. परंतु हा फरक केवळ १०७ रुग्णांवरून काढलेला आहे. त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते तो पट्टा, काढला, तर तो साधारण ६ पासून ३३ टक्क्यांपर्यंत पसरतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की औषधाने जीव वाचतात हे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. किती वाचतात, याबाबत मात्र अंदाज बराच सैल आहे. पुढे याच रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा औषधाला दाद न देणारे जंतू पुष्कळांच्या शरीरात वाढल्याचे आणि सुरुवातीचा फायदा बराच ओसरल्याचे दिसले. मोजमाप सहा महिन्यांनी घ्यायचे की पाच वर्षांनी, हा निर्णय कोणतेही सूत्र देत नाही. तो आजार ओळखणाऱ्यांनाच घ्यावा लागतो.

मानवी चाचण्यांचे टप्पे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील, म्हणून येथे ते थोडक्यात सांगतो. पहिल्या टप्प्यात थोड्या, बहुधा निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षितता आणि मात्रा पाहतात. दुसऱ्यात मर्यादित संख्येच्या रुग्णांवर परिणामाची चाहूल घेतात, तिसऱ्यात मोठ्या संख्येवर तुलना करतात, आणि औषध बाजारात आल्यानंतरच्या निरीक्षणाला चौथा टप्पा म्हणतात.

तिसऱ्या टप्प्यातील ‘मोठी संख्या’ म्हणजे किती, हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एका बाकावर बसायला लावतो. समजा, नेहमीच्या उपचाराने १०० पैकी २० रुग्णांना वर्षभरात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते. नव्या उपचाराने हे प्रमाण १० वर येईल अशी अपेक्षा असेल, तर ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असा चुकीचा निष्कर्ष निघण्याची मान्य केलेली शक्यता) आणि ८० टक्के सामर्थ्य (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात सुमारे २०० रुग्ण पुरतात. ते केवळ १५ वर येईल अशी अपेक्षा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ९०० लागतात. शोधायचा फरक निम्मा झाला आणि रुग्ण चौपटीहून अधिक झाले. शिवाय दहा टक्के लोक मध्येच चाचणी सोडतील असे धरले, तर ९०० चे १००० करावे लागतात. हे गणित संख्याशास्त्राचे विद्यार्थी काही मिनिटांत करतील. पण १० हा अंदाज वास्तवाला धरून आहे का, आणि २० वरून १५ वर येण्याने रुग्णाच्या आयुष्यात काही फरक पडतो का, हे त्यांनी स्वतःच्या मनाने ठरवू नये. पुरेसा अभ्यास न करता संख्या ठरवणे ही नैतिक चूकही आहे, कारण खूप लहान चाचणीत सहभागी लोक धोका पत्करतात आणि हाती उत्तर काहीच लागत नाही.

पी-व्हॅल्यू या संकल्पनेवर कोणत्याही अभ्यासक्रमात बराच वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. औषधाचा काहीही परिणाम नाही असे गृहीत धरले, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. औषध निरुपयोगी असण्याची शक्यता असा तिचा अर्थ होत नाही, जरी अनुभवी लोकही तसा अर्थ लावताना आढळतात. शिवाय ५ टक्क्यांची मर्यादा एका कसोटीसाठी असते. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस कसोट्या केल्या आणि औषध पूर्णपणे निरुपयोगी असले, तरी किमान एक कसोटी ‘सार्थक’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीच्या संशोधकांनी हे मोठ्या मिस्किलपणे दाखवून दिले. हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवरच्या या चाचणीत ॲस्पिरिनमुळे मृत्यू स्पष्टपणे कमी झाले होते. रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी केल्यावर मात्र मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित अपाय होतो असे चित्र दिसले! वयोगट, लिंग, वजन, देश अशा उपगटांचे लांबलचक तक्ते वाचताना ही दोन राशींची ओळ आठवणे फार उपयोगी पडते.

आता ज्या उदाहरणावर मी सर्वांत जास्त वेळ घालवेन, त्याकडे येतो. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात तपासलेल्या औषधांपैकी एक होते कोलेस्टेरॉल कमी करणारे क्लोफायब्रेट. पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण क्लोफायब्रेटच्या गटात २०.० टक्के आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या बनावट गोळ्यांच्या गटात २०.९ टक्के होते. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण साहजिकच कोणीतरी विचारेल की ज्यांनी औषध नियमितपणे घेतलेच नाही, त्यांना हिशेबात का धरायचे? म्हणून गट पाडून पाहिले. ८० टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १५.० टक्के होते, आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. एवढेच आकडे हातात असते, तर औषध उत्तम आहे आणि रुग्णच ते घेण्यात कुचराई करतात, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

मग हीच विभागणी प्लासिबोच्या गटातही केली गेली. तिथे नियमित गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १५.१ टक्के आणि अनियमितपणे घेणाऱ्यांत २८.२ टक्के निघाले. ज्या गोळीत औषधच नाही, ती नियमित घेण्याने मृत्यू निम्म्यावर येणार नाहीत. नियमितपणे गोळ्या घेणारी माणसेच मुळात वेगळी असतात. त्यांची प्रकृती बरी असते, बाकीचे पथ्यही ती पाळतात, किंवा अशी काही कारणे असतात जी कोणी मोजलेलीच नाहीत. पुढे उपलब्ध माहितीच्या आधारे हा फरक समायोजित करण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला, तरी तो पुरता नाहीसा झाला नाही. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले हे विश्लेषण समजले की ‘इंटेन्शन टू ट्रीट’ हे तत्त्व वेगळे पाठ करावे लागत नाही: रुग्ण ज्या गटात वाटला गेला त्याच गटात त्याची गणना करायची, मग त्याने गोळ्या घेतल्या असोत वा नसोत. तसे केले नाही, तर रँडमायझेशनने मिळवलेली समानता आपण स्वतःच्या हाताने मोडतो.

अर्थात, रुग्णाने औषध मध्येच बंद केले किंवा दुसरे औषध सुरू केले, तर नेमका कोणता परिणाम मोजायचा, हा प्रश्न त्यानेही पूर्ण सुटत नाही. म्हणून चाचण्यांच्या संख्याशास्त्रीय तत्त्वांविषयीच्या, आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या ई-९ या १९९८ च्या मार्गदर्शक दस्तऐवजाला २०१९ मध्ये ‘एस्टिमँड’ (नेमका कोणता परिणाम मोजायचा याची काटेकोर व्याख्या) या संकल्पनेवरची पुरवणी जोडण्यात आली. अभ्यासक्रमात ती शिकवली जाते का, हे अवश्य पाहावे.

संख्याशास्त्राच्या पदवीधरांना वैद्यकाचा आदर शिकवणारी उदाहरणे आहेत, तशी वैद्यकाच्या पदवीधरांना आपल्या खात्रीविषयी सावध करणारीही आहेत. झटका येऊन गेलेल्या रुग्णांत हृदयाचे अनियमित ठोके दिसले की मृत्यूचा धोका वाढतो, हे माहीत होते. त्यामुळे ठोके नियमित करणारी औषधे जीव वाचवतील, असे अनेक डॉक्टरांना स्वाभाविकच वाटत होते. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ठोके नियमित करतही होती. पण ‘कास्ट’ या चाचणीत त्यांचा वापर १९८९ मध्ये थांबवावा लागला. १९९१ मधील अहवालानुसार औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ आणि प्लासिबो घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६ दगावले. ईसीजी सुधारला होता, पण मृत्यू दुपटीहून अधिक झाले होते. ज्या मापाची सुधारणा आपण पाहतो, त्याचा रुग्णाच्या जगण्याशी संबंध आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

वर्गातील उदाहरणांतला डेटा नीटनेटका असतो. प्रत्यक्षातला तसा नसतो, आणि मला वाटते की बरेच अभ्यासक्रम इथेच कमी पडतात. एक साधी नोंद घेऊ. एका रुग्णाने पहिला डोस १५ मार्चला घेतला. त्याला झालेल्या मळमळीची सुरुवात केव्हा झाली, या रकान्यात फक्त ‘मार्च’ लिहिले आहे, दिवस नाही. ही मळमळ औषधामुळे झालेल्या संभाव्य त्रासांत धरायची की नाही? डेटा मॅनेजर आधी रुग्णाची नोंद करणाऱ्या केंद्राला क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारी विचारणा, पाठवतात. तेथील कोऑर्डिनेटर मूळ केसपेपर पाहतात, रुग्णालाही विचारतात, पण रुग्णाला दिवस आठवत नाही. शेवटी नियम लावावा लागतो, आणि सावधगिरीचा प्रचलित नियम असा की ती घटना डोसपूर्वी घडल्याचा पुरावा नसेल, तर ती डोसनंतरची मानावी. हा नियम विश्लेषणाच्या आराखड्यात आधीच लिहिलेला असला पाहिजे. कोणाला औषध मिळाले हे उघड झाल्यानंतर असा नियम ठरवला, तर तो कितीही प्रामाणिकपणे ठरवलेला असो, त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणूनच कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीची लेखी योजना, लिहिला जातो, नीतिमत्ता समिती तो मंजूर करते, रुग्णांची संमती घेतली जाते, नोंदी भरल्या जातात, त्या तपासून दुरुस्त होतात, डेटाबेस कुलूपबंद होतो आणि मगच गटांची नावे उघड होतात. दुष्परिणामांच्या नोंदी मेडड्रा या प्रमाण शब्दकोशानुसार वर्गीकृत केल्या जातात. त्रासाची तीव्रता आणि गांभीर्य हे दोन स्वतंत्र निकष आहेत, हेही इथेच शिकावे लागते; डोकेदुखी तीव्र असूनही नियमांच्या दृष्टीने गंभीर नसू शकते, तर ज्या त्रासामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तो गंभीरच ठरतो. त्यानंतर माहिती सीडिस्क या डेटाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एसडीटीएम (गोळा केलेल्या नोंदींसाठी) आणि एडॅम (विश्लेषणासाठी) या मांडण्यांत बसवली जाते, आणि महत्त्वाचे तक्ते दोन प्रोग्रॅमर स्वतंत्रपणे तयार करून परस्परांशी ताडून पाहतात. या सर्व कामाला आयसीएचच्या गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची, म्हणजे चाचण्या योग्य रीतीने चालवण्याच्या नियमांची, चौकट आहे, जी १९९६ मध्ये तयार झाली आणि जिची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये आली. आणि तिच्याही मागे माणसांवरील संशोधनाच्या नीतितत्त्वांचा १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा आहे.

कर्करोगासारख्या आजारांत घटना घडेपर्यंतचा काळ मोजतात, आणि चाचणी संपते तेव्हा अनेक रुग्ण सुदैवाने जिवंत असतात. त्यांचा काळ अपुरा मोजलेला असतो, तरी तो टाकून द्यायचा नसतो. कॅपलान आणि मायर यांची १९५८ ची पद्धत आणि कॉक्स यांचे १९७२ चे प्रतिमान (मॉडेल) यासाठीच वापरतात. या पद्धतींमागे असे गृहीतक असते की जे रुग्ण मध्येच दिसेनासे झाले, त्यांच्या जाण्याचा त्यांच्या प्रकृतीशी संबंध नव्हता. खरोखर तसे होते का, हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. ज्यांची प्रकृती ढासळली तेच तपासणीला येईनासे झाले असतील, तर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण दाखवणारी आलेखातील रेषा वास्तवापेक्षा बरी दिसेल, आणि ही शंका वॉर्डात काम केलेल्या माणसाला आधी सुचेल.

प्रशिक्षणानंतरच्या वाटांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. आरोग्यशाखांचे पदवीधर केंद्रांवरील कोऑर्डिनेटर, चाचणीची पाहणी करणारे मॉनिटर, औषधसुरक्षा आणि वैद्यकीय लेखन या कामांत लवकर रुळतात. संख्याशास्त्राचे पदवीधर संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंग आणि डेटा मॅनेजमेंटकडे वळतात. सीमा ओलांडणारेही असतात. औषधनिर्माणशास्त्र शिकून उत्तम प्रोग्रॅमर झालेले लोक या क्षेत्रात भेटतात. मात्र काही महिन्यांच्या अभ्यासक्रमाने कोणी जैवसंख्याशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि ई-९ मध्येही चाचणीच्या संख्याशास्त्रज्ञाची व्याख्या शिक्षण आणि अनुभव या दोहोंच्या आधारे केलेली आहे. अल्पकालीन अभ्यासक्रम याहून अधिक काही देण्याचे आश्वासन देत असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

प्रवेशापूर्वी विचारण्यासारखे प्रश्न फार नाहीत. विद्यार्थ्यांना स्वतः प्रोटोकॉल आणि विश्लेषणाचा आराखडा लिहायला लावतात का? रिकामे रकाने आणि विसंगत तारखा असलेला कच्चा डेटा हाताळायला देतात का? शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष चाचणीत काम केले आहे का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर सॉफ्टवेअर कोणते शिकवतात हा प्रश्न दुय्यम राहतो.

सराव तर घरबसल्याही सुरू करता येतो. आर मोफत आहे, आणि सॅसची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन आवृत्तीही मोफत मिळते. सीडिस्कने प्रायोगिक प्रकल्पासाठी वापरलेला अल्झायमरच्या रुग्णांवरील झॅनोमेलिन या औषधाच्या चाचणीचा, २५४ रुग्णांचा डेटा सर्वांसाठी खुला आहे. त्यात प्लासिबो, कमी मात्रा आणि जास्त मात्रा असे तीन गट आहेत. त्यातला सर्वांत पहिला तक्ता, म्हणजे गटनिहाय वय, लिंग आणि वजन यांचा सारांश, स्वतः तयार करून पाहावा. मग प्रत्येक गटातील किती जणांनी चाचणी पूर्ण केली आणि किती जणांनी कोणत्या कारणाने ती सोडली, हे मोजावे. जास्त मात्रेच्या गटातील गळती प्लासिबोच्या गटापेक्षा वेगळी दिसते का, हे पाहिल्यावर मगच परिणामाच्या तक्त्याकडे वळावे.